आभाळाची किल्ली आणि लाडवांचा डबा

केसरबाईंनी दारात टोपली उतरवली तशा शंतनूच्या आई पद्मजाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "शंतनु, तू नको जाऊ बाहेर! मी येऊन राह्यली!" पण उशीर झाला होता. शंतनु गच्चीवरून उतरून ओट्यावर पोचला होता आणि केसरबाई त्याला सांगत होत्या, "घे ना रे बाळा, कवळे हायेत कारले. तुह्यासाठीच ठेवले." त्या घरात कारलं कोणी तोंडात घालत नाही. तरीही त्या दिवशी दोन किलो कारली आत आली.

"काऊन घेतले बे?" रमाकांतरावांनी पेपर खाली ठेवून विचारलं.

"बाबा, त्या समोर उभ्या होत्या."

"मंग? भाजीवाली काय पाठीमांगं उभी राह्यते?"

शंतनूचं सगळं दुखणं एवढंच होतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली की त्याच्या घशात काहीतरी अडकायचं आणि तिथून भलताच शब्द बाहेर पडायचा. पाठीमागे मात्र तो फार कडक होता. इतका, की दूरदेशीची माणसं त्याला वचकून असत. हे लोणारात कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

त्याचं असं होतं, की सकाळी कॉलेजात संगणक शिकवून आला की शंतनु दुपारनंतर गच्चीवर बसून आभाळाचं काम करी. रात्रीचं आकाश दाखवणारा एक मोठा फुकट प्रोग्राम होता. गाव सांगा, तारीख सांगा, त्या गावावरचं त्या दिवशीचं आकाश पडद्यावर हजर. त्याचं मूळ नाव परदेशी आणि लांबलचक असल्यामुळे घरात सगळे त्याला नुसतं आभाळ म्हणत. हे आभाळ कोणाच्या मालकीचं नव्हतं. त्याच्या आतलं लिखाण सगळ्यांना उघडं होतं, आणि जगातला कोणीही माणूस त्यात आपला बदल सुचवून पाठवू शके. पाठवत तर ढिगाने. पण आत घेण्याची किल्ली मोजक्यांकडेच असे. किल्लीवाल्याने बदल वाचायचा, चालवून पाहायचा, बरा असला तर मूळ आभाळात मिसळायचा, नसला तर शेरा मारून परत पाठवायचा.

शंतनूकडे तुटत्या ताऱ्यांची किल्ली होती. ती मिळावी म्हणून त्याने कितीतरी वर्षं मुकाट्याने दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या होत्या. बरोबरीची मुलं पुण्याला गेली, काही त्याच्याही पलीकडे गेली. हा मागे राहिला, सरोवराच्या काठावर, गार होऊन साय धरलेल्या चहासोबत. पण जगात कुठेही, कोणाच्याही पडद्यावर तारा तुटला, की तो आधी आपल्या हाताखालून गेलेला असतो, हे आठवलं की त्याला मागे राहिल्याचं काही वाटत नसे.

अशाच एका दुपारी दारात एक घामाघूम तरुण उभा राहिला.

"शंतनु आपणच का? मी सौमित्र. पुण्याहून आलोय. तो 'सूं'वाला."

शंतनु एक पाऊल मागे सरकला. तारा तुटला की 'सूंऽऽ' असा आवाज व्हावा, हा सौमित्रचा बदल. शंतनूने तो "अंतराळात आवाज नसतो" असा शेरा मारून परत पाठवला होता. सौमित्रने आवाज थोडा हळू करून पुन्हा पाठवला. शंतनूने पुन्हा परत केला. हे वर्षभर चाललं होतं.

"सरोवर बघायला आलो होतो. म्हटलं, तुम्हालाही बघून जावं," सौमित्र म्हणाला.

एवढ्यात पद्मजाबाई बाहेर आल्याच. "उन्हात उभे काऊन राह्यले पाहुणे? हात धुऊन घ्या. वरण-बट्टी केली आहे."

सौमित्र जेवला. बट्टीवर वरण आलं, वरणावर तूप आलं, नको म्हणेपर्यंत पुन्हा तूप आलं. जेवता जेवता त्याने हळूच विचारलं, "त्या आवाजाचं काही होईल का हो?" शंतनूने कधी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, तर ते अगदी साधं, आशेने भरलेलं आणि तुपाने माखलेलं होतं.

शंतनु पाणी आणायला आत गेला तेव्हा पद्मजाबाई म्हणाल्या, "आता निघन तो. आल्या माणसाले रिकाम्या हातानं पाठवत नाहीत आपल्यात, ध्यानात ठेव." आणि त्यांनी फळीकडे बोट केलं. शंतनूची नजर खिडकीबाहेर होती. आई खरं बोलते, त्याच्या मनात आलं. एवढ्या लांबून माणूस आला, काय नेणार हा इथून? तो तंद्रीतच बाहेर आला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "घेतला तुमचा बदल."

सौमित्रने त्याला मिठी मारली आणि तो बस गाठायला पळाला.

संध्याकाळी पद्मजाबाईंचा आवाज आला, "शंतनु, हा लाडवाचा डब्बा इथंच राह्यला ना बे!"

"हं," गच्चीवर आडवा झालेला शंतनु म्हणाला. पहिली चांदणी नुकतीच उगवत होती.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण सौमित्र उपकार विसरणारा नव्हता. आभाळाचे सगळे कामकरी जिथे गप्पा मारत, तिथे त्याने मोठ्या कृतज्ञतेने लिहिलं की वर्षभर अडलेलं आपलं काम लोणारला जाऊन एका जेवणात झालं. खाली त्याने तळटीपही दिली: तूप मागावं लागत नाही.

मग माणसं येऊ लागली. नागपूरहून श्रद्धा नावाची एक उत्साही मुलगी आली. तारा तुटताना लोक इच्छा मागतात, तेव्हा प्रत्येक ताऱ्यासोबत पडद्यावर एक चौकट उघडून 'तुमची इच्छा लिहा' असं विचारावं, हा तिचा बदल. ती भरीत-भाकर खाऊन आणि आपला बदल आत घालून गेली. मग हॉलंडहून एक गृहस्थ आले. त्यांचं नाव कोणालाच नीट घेता येईना. ते पद्मजाबाईंच्या भगवंतमामांइतके उंच होते, म्हणून त्या त्यांना भगवंतरावच म्हणू लागल्या. त्यांना ताऱ्याची शेपटी नारिंगी हवी होती. मांडी घालता न आल्यामुळे ते पाय लांब करून भिंतीला टेकून जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि ते जोडलेले हात पाहून शंतनूने शेपटी नारिंगी करून टाकली.

बसस्टँडवरचे ऑटोवाले आता नवा माणूस उतरला की पत्ता विचारीतच नसत. "आभाळवाले काय? बसा," म्हणत. पद्मजाबाई प्रत्येकासाठी फळीवर एक डबा भरून ठेवत, आणि पाहुणा गेला की डबा तिथेच असे. रमाकांतराव त्या दिवसांत फार सुखात होते. जेवणानंतर रोज दोन लाडू मिळत होते, आणि का मिळत होते हे विचारून ते बंद पाडण्याइतके ते भोळे नव्हते.

ऑगस्टात उल्कांचा वर्षाव आला. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका मोठ्या तारांगणात शाळेची पोरं घुमटाखाली श्वास रोखून बसली होती. दिवे मालवले. पहिला तारा तुटला. तो नारिंगी होता, तो 'सूंऽऽ' करत आला आणि त्याच्याबरोबर एक चौकट उघडली: तुमची इच्छा लिहा. पोरांना गंमत वाटली. मग वर्षाव जोरात सुरू झाला. प्रत्येक ताऱ्याचा आवाज, प्रत्येकाची चौकट. बघता बघता चौकटींवर चौकटी चढल्या, सगळं आकाश त्यांच्याखाली गेलं, आणि घुमट एखाद्या गिरणीसारखा घुमू लागला. पोरं कानांवर हात ठेवून ओरडू लागली. तारांगणाच्या प्रमुखाला कळ सापडेना. शेवटी त्याने समोरच्या चौकटीत आपली इच्छा लिहिली: हे थांबू दे.

दुसऱ्या दिवशी शंतनूला आभाळाच्या प्रमुखाचा निरोप आला. या प्रमुखाला सगळे नुसतं 'एस' म्हणत. एसला कोणी पाहिलं नव्हतं, पण एसच्या एका वाक्याने भल्याभल्यांचे बदल परत गेले होते. निरोप इंग्रजीत आणि थोडक्यात होता. रविवारी लोणारला येत आहे. किल्लीबद्दल बोलायचं आहे. कृपा करून स्वयंपाक करू नये.

शंतनु तो निरोप हातात धरून जिन्यावर बसून राहिला. किल्ली जाणार, हे उघड होतं. पावसाळ्यात लोणारवर ढग आले की खरं आकाश दिसत नाही. आता पडद्यावरचंही आपलं राहणार नाही, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

"स्वयंपाक करू नका म्हंतो?" पद्मजाबाईंचं दुःख वेगळं होतं. "पोटाचं दुखणं असन बिचाऱ्याले. मुगाची खिचडी टाकते."

"परदेशी माणूस असन," रमाकांतराव म्हणाले. "मी जातो स्टँडवर. उंच दिसला की घेऊन येतो."

रविवारी रमाकांतराव स्टँडवर उंच माणूस शोधत उभे असताना, दुसरबीडहून जवळच्या बीबी गावावरून येणाऱ्या बसमधून खांद्याला झोळी लावलेली एक ठेंगणी मुलगी उतरली आणि त्यांच्या समोरून निघून गेली. थोड्या वेळाने ती दारात उभी होती.

"शंतनु इथंच राह्यते ना?"

"हो, पण आज नको बाई," पद्मजाबाई म्हणाल्या. "आज त्याचा मोठा साहेब येऊन राह्यला."

"काकू, मीच ते. एस म्हणजे समता. बीबीची."

पद्मजाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "आपल्या बीबीची?"

"हाव. माणिकराव गुरुजींची पोरगी. बंगलोरले असते मी, सध्या घरी आली."

शंतनु खांबाला धरून उभा होता. ही आणि आपण इतकी वर्षं एकमेकांशी इंग्रजीत भांडत होतो, आणि मध्ये फक्त एक एसटी होती, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"आधी जेवून घे पोरी," पद्मजाबाई म्हणाल्या.

"मीबी इथलीच हो काकू. जेवीन, पण बोलणं झाल्यावर. आधी जेवली तं मले बोलताच येणार नाही." ती ओट्यावर बसली आणि तिने शंतनूकडे पाहिलं. "ते सूं कोणं घेतलं?"

"मी."

"अंतराळात आवाज असते?"

"नाही."

"मंग काऊन घेतलं?"

"तो समोर बसला होता."

"अन् नारिंगी शेपटी?"

"भगवंतरावांनी हात जोडले."

"कोण भगवंतराव?"

शंतनूने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "आईच म्हणाली, आल्या माणसाले रिकाम्या हातानं पाठवत नाहीत म्हणून..."

"मी?" पद्मजाबाई पळीसकट बाहेर आल्या. "मी डब्बा दे म्हटलं होतं! लाडवाचा! फळीवर भरून ठेवत होती एकेकाले. त्याले आभाळ काढून दे म्हटलं काय मी?"

नुकतेच परत आलेले रमाकांतराव दारातच थबकले. "तरीच म्हटलं," ते हळूच बोलले, "रोज लाडू उरून काऊन राह्यले."

समताने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. पुन्हा वळली तेव्हा तिने चेहरा कडक केला होता, पण तो नीटसा जमला नव्हता. "हे पाय शंतनु, किल्ली परत घ्यायचं सगळ्यांनी ठरवलं आहे. तुह्याइतकं बारीक वाचणारं दुसरं कोणी नाही, हे मी सांगतलं त्यायले. पण माणसाच्या तोंडावर नाही म्हणता येत नसन, तं किल्ली काय कामाची? येईन काय तुले म्हणता?"

"पाहू," शंतनु म्हणाला.

समताने कपाळाला हात लावला आणि ती जेवायला उठली. खिचडी बाजूलाच राहिली. कळण्याची भाकर, भरीत, वर कच्चं तेल, असं ती पोटभर जेवली. हात पुसून झाल्यावर ती थोडी घुटमळली. मग झोळीतून तिने लॅपटॉप काढला, आणि आभाळाची ती कडक प्रमुख एकदम लहान झाल्यासारखी दिसू लागली.

"एक बदल माहाबी आहे. तुह्याच खात्यातला. लहानपणी बाबा गच्चीवर बोट दाखवून म्हणत, ते पाय, तारा! मी मान वर करूस्तोवर काहीच नसे. कधीच दिसला नाही मले तारा. म्हणून मी असं केलं, की तारा जरासा रेंगाळते. कोणी ते पाय म्हटलं, अन् दुसऱ्यानं मान वर केली, तं तो तिथंच असला पाह्यजे. ज्याले खरा वेग पाह्यजे त्यानं बटण दाबावं."

शंतनूने बदल चालवून पाहिला. पडद्यावर लोणारचं आकाश आलं. एक तारा सुटला आणि अंधारात हळूहळू, आपल्याला कुठेच जायची घाई नाही अशा चालीने खाली येऊ लागला. शंतनु बघतच राहिला. इतका सुंदर बदल त्याच्या हाताखालून कधी गेला नव्हता. हो म्हणावं असं सगळंच होतं. पाहुणी होती, ती जेवलेली होती, प्रमुख होती, किल्ली तिच्या हातात होती, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

मग त्याचं लक्ष चंद्राकडे गेलं. ताऱ्यासोबत चंद्रही थांबला होता.

त्याने पुन्हा चालवून पाहिलं. तारा रेंगाळला की चंद्र जागच्या जागी उभा. त्याच्या घशात नेहमीचं ते काहीतरी आलं, अडकलं, वर सरकलं.

"नाही," शंतनु म्हणाला.

पद्मजाबाईंच्या हातून ताट सटकलं.

"चंद्र थांबून राह्यला," त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "घेता येत नाही. दुरुस्त करून पाठवा." आणि आपण केवढं बोलून बसलो हे लक्षात येऊन तो घाईघाईने म्हणाला, "ही परीक्षा होती ना?"

"परीक्षा कसली बे?" समताने फटकन लॅपटॉप मिटला. "जीव लावून केलं मी ते!"

ती खरोखरच रुसली होती. झोळी उचलून ती पायऱ्या उतरू लागली. शंतनु धावत आत गेला, आणि कोणी न सांगता त्याने आयुष्यात पहिल्यांदा फळीवरचा डबा उचलला. कोपऱ्यावर त्याने तिला गाठलं.

"रिकाम्या हातानं नका जाऊ," तो धापा टाकत म्हणाला. "अन् ताऱ्याचं अन् चंद्राचं घड्याळ एकच धरलं तुम्ही. वेगळं करा, होऊन जाईन."

समताने डबा घेतला. बस आली तेव्हा ती एका पायरीवर चढून वळली. "किल्ली राहू दे तुह्याजवळ," ती म्हणाली. रुसवा मात्र तिने सोबत नेला.

पुढच्या काही दिवसांत शंतनूने आवाज, शेपटी आणि चौकटी आभाळातून काढून टाकल्या. पण कोणाचाही बदल त्याने रिकामा परत पाठवला नाही. प्रत्येकाला लिहिलं, की हे इथे चालणार नाही, पण असं केलंत तर दुसरीकडे चालेल. सौमित्रला लाडवांचं पार्सलही गेलं. केसरबाईंना त्याने ओट्यावर उभं राहून सांगितलं, "कारले नको आज." त्यांनी टोपली खाली ठेवून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

एक दिवस बीबीच्या बसच्या कंडक्टरने एक डबा आणून दिला. कोणाचाही डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत बीबीतही होतीच. समताच्या आईने, जनकाबाईंनी, त्यात जवसाची चटणी भरून पाठवली होती. त्याच दिवशी समताचा दुरुस्त केलेला बदलही आला. आता चंद्र चालत होता, पण तारा खालून वर जात होता. शंतनूने बदल परत पाठवला आणि पद्मजाबाईंनी डबा शंकरपाळ्यांनी भरून कंडक्टरकडे दिला. डबा आला तो वड्या घेऊन, आणि बदल आला तो शनी गायब करून. पुन्हा परत. समता बंगलोरचं काम बीबीतूनच करू लागली होती, आणि डबा लोणार-बीबी असा पावसाळाभर फिरत राहिला.

"एवढी हुशार पोरगी," रमाकांतराव वडी तोंडात टाकत म्हणाले, "पण कामात जराशी कच्चीच दिसते."

प्रत्येक चूक शंतनु फार प्रेमाने समजावून लिहीत असे, आणि त्या लिहिण्यात त्याच्या संध्याकाळी कशा जात हे त्याला कळत नसे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पुन्हा डबा आला आणि बदलही आला. शंतनु गच्चीवर बसला. तारा सुटला, रेंगाळला. चंद्र चालत होता. शनी जागेवर होता. त्याने एकेक ओळ वाचली. पुन्हा वाचली. चूक नव्हती. त्याने शेवटून सुरुवातीपर्यंत वाचून पाहिलं, तरीही सापडेना. आता एक बटण दाबायचं, की बदल आत आणि काम संपलं. डबाही संपला. शंतनूचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. ज्याला जन्मभर नाही म्हणता आलं नव्हतं, त्याला आता हो म्हणता येईना.

बऱ्याच वेळाने त्याने शेरा लिहिला, आणि तो पहिल्यांदाच इंग्रजीत लिहिला नाही. "एक शंका आहे. लिहून सांगता येत नाही. रविवारी इकडे येता काय?"

उत्तर लगेच आलं. "येते. या वेळेस मुद्दामच चूक ठेवली नव्हती. म्हटलं पाहू, काय करते हा."

शंतनूने ते वाचलं. मग मागचे सगळे बदल आठवले, वर जाणारा तारा, गायब झालेला शनी, आणि तो एकटाच हसत सुटला.

खालून पद्मजाबाईंनी हाक मारली, "शंतनु, डब्बा धुतला. काय भरू बे त्याच्यात?"

"काही नको आई," तो म्हणाला. "जेवायलेच येऊन राह्यली ते."

त्याने बदल आत घेतला नाही, परतही पाठवला नाही. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून तो आडवा झाला. पडद्यावरचा तारा अजून पडायचा होता.